परक्या हिवाळ्यातला मुक्काम

आपल्या समीक्षेची परिभाषा बरीचशी बागेतून आलेली आहे. वाङ्मयप्रकार 'रुजतो', 'फोफावतो' किंवा 'खुरटतो'. एखाद्या प्रतिभेला 'बहर' येतो. परभाषेतून आलेल्या रूपाचे देशी खुंटावर 'कलम' होते. आणि एखादी कविता फार जपून, लोकजीवनाच्या वाऱ्यापावसापासून दूर बसून लिहिली गेली आहे असे वाटले, की तिला 'काचघरातले रोप' म्हणून बाजूला सारता येते. हा शेवटचा प्रयोग आपल्याकडे इंग्रजी समीक्षेच्या वाचनातून आला. रूपक आले, पण ज्या काचघरावरून ते बेतले गेले त्याची ओळख मात्र त्याच्याबरोबर आली नाही. महाराष्ट्रातल्या माळ्याला डिसेंबरची फारशी धास्ती नसते. त्याची परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते. त्यामुळे एखादे झाड केवळ हिवाळा पार करून जगावे यासाठी घर बांधणे, त्या घराला रात्रभर आच देणे, त्यापायी एका गावाला पुरेल इतका कोळसा जाळणे ही गोष्ट आपल्या कल्पनेत सहज बसत नाही.

युरोपात या गोष्टीला साडेतीनशे वर्षांचा सलग इतिहास आहे. तो राजेरजवाड्यांच्या हौसेचा आहे आणि साम्राज्याचाही आहे. पण त्याहून अधिक तो एका चुकीच्या समजुतीच्या हळूहळू दुरुस्तीचा इतिहास आहे. 'नाजूक' हे विशेषण कोणाला लावायचे, झाडाला की झाड आणि जागा यांच्यातल्या नात्याला, हा प्रश्न त्या दुरुस्तीच्या मुळाशी होता. साहित्याच्या विद्यार्थ्याला या इतिहासाशी कर्तव्य असावे ते या प्रश्नासाठी.

आरंभ संत्र्या-नारिंगांपासून होतो. भूमध्य समुद्राकाठची ही झाडे आल्प्सच्या उत्तरेला उघड्यावर टिकत नाहीत. त्यांच्या साठी बांधलेल्या वास्तूला 'ऑरेंजरी' असे नाव पडले. व्हर्सायच्या राजवाड्याची ऑरेंजरी ज्यूल आर्दुआँ-माँसारने १६८४ ते १६८६ या काळात बांधली. तिचे मुख्य दालन दीडशे मीटरहून लांब, भिंती चार-पाच मीटर जाडीच्या, तोंड दक्षिणेला, खिडक्या दुहेरी. आत शेगडी नाही. जाड दगडी भिंती आणि हिवाळ्यातले तिरपे ऊन एवढ्यावर तिथले तापमान गोठणबिंदूच्या वर राहते. झाडे मोठ्या लाकडी पेट्यांत लावलेली असतात. ऑक्टोबरच्या मध्याला ती आत जातात, मेच्या मध्याला बाहेर येतात. संत्री-लिंबांच्या बरोबर तिथे डाळिंबे असतात आणि कण्हेरही असते. आपल्याकडे महामार्गाच्या दुभाजकावर, धुरात आणि धुळीत, कोणी पाणी न घालता फुलणारी कण्हेर तिथे राजवाड्यात हिवाळा काढते. नाजूकपणाविषयीचा पहिला धडा इथेच मिळतो.

संत्र्याचे झाड हिवाळ्यात जवळजवळ झोपलेले असते. त्या काळात त्याला उजेड थोडा कमी मिळाला तरी चालते. म्हणून जुन्या ऑरेंजऱ्यांची छपरे भरीव असत आणि कोणाला त्यात वावगे वाटत नसे. पण जहाजांबरोबर वेस्ट इंडीजची, ब्राझीलची, जावाची झाडे येऊ लागली तेव्हा एवढ्यावर भागेना. त्या झाडांना झोप ठाऊक नव्हती. त्यांना बारा महिने ऊब हवी होती, आणि ऊब म्हणजे आग असा सरळ हिशेब लोकांनी केला. घरात कोळशाच्या शेगड्या ठेवल्या गेल्या; झाडे थंडीने मेली नाहीत ती धुराने गुदमरली. रोजनिशीकार म्हणून इंग्रजीच्या विद्यार्थ्यांना माहीत असलेला जॉन एव्हलिन हा मोठा उद्यानतज्ज्ञही होता. १६८५ च्या ऑगस्टमध्ये तो लंडनच्या चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या बागेत गेला होता. तिथल्या माळ्याने जमिनीखालून आच खेळवण्याची सोय केली होती, आणि त्यामुळे कडक थंडीतही दारे-खिडक्या उघड्या ठेवता येतात हे पाहून एव्हलिनने त्याची नोंद केली. पुढे १६९१ मध्ये त्याने स्वतः एक आराखडा मांडला: भट्टी घराबाहेर ठेवायची, ताजी हवा नळांतून तिच्यातून तापवून आत आणायची. झाडाला उबेबरोबर श्वासही लागतो, हे त्याला कळले होते.

चेल्सीच्या त्याच भेटीत एव्हलिनने सिंकोनाचे झाडही पाहिले. ज्याच्या सालीपासून पुढे आपल्याकडे घरोघर ठाऊक झालेले कोयनेल निघाले, ते हे झाड. लंडनच्या एका उबदार खोलीत ते एक नवल म्हणून उभे होते. नवलाचे साधन होणे आणि साधनाची सत्ता होणे हा पुढचा प्रवास पावणेदोनशे वर्षांचा आहे. त्याकडे मागाहून वळू.

अठराव्या शतकाचे वेड म्हणजे अननस. एक फळ पिकवण्यासाठी त्याला दोन-तीन वर्षे अखंड ऊब लागते, आणि धुराच्या नळांची ऊब कधी कमी कधी जास्त. तोडगा हॉलंडमधून आला आणि तो चांभारवाड्यातला होता. कातडी कमावून झाल्यावर ओकच्या सालीचा जो चोथा उरतो तो खड्ड्यात भरून ओला ठेवला, की कुजताना महिनोन्‌महिने मंद, सारखी उष्णता देतो. त्या चोथ्यात अननसाच्या कुंड्या गळ्यापर्यंत पुरून ठेवत. लंडनजवळ रिचमंडला सर मॅथ्यू डेकरच्या बागेत हेन्री टेलेंडे नावाच्या माळ्याने या रीतीने अननस पिकवला, आणि त्या एका फळाचे तैलचित्र १७२० मध्ये थिओडोरस नेचरकडून काढवून घेण्यात आले. व्यक्तींची काढावीत तसे फळाचे व्यक्तिचित्र! चोथ्याची दुर्गंधी अर्थात चित्रात नाही.

जेन ऑस्टेनच्या 'नॉर्थँगर अ‍ॅबी' या कादंबरीत जनरल टिल्नी आपल्या बागेविषयी पाहुणीजवळ खंत व्यक्त करतो, की गेल्या वर्षी अननसाच्या घराने अवघी शंभर फळे दिली. आपल्या वर्गात हे वाक्य बहुधा 'श्रीमंतीचा डौल' एवढ्या टिपणीवर संपते. परंतु शंभर अननस म्हणजे किती गाड्या चोथा, किती माणसे, किती रात्री, हे ज्याला ठाऊक आहे त्याला जनरलच्या तक्रारीतला निर्लज्जपणा अधिक स्पष्ट ऐकू येतो. ऑस्टेनच्या पहिल्या वाचकांना तो ऐकू येत होता. विनोद कळण्यासाठी बागकाम कळावे लागते, असेही कधी कधी घडते.

या टप्प्यापर्यंतची समजूत अशी होती, की परदेशी झाडाला हवी असते ती उष्णता. ती पुरवली की झाड आपले झाले. तिला पहिला लक्षणीय छेद देणारी घटना केळीच्या बाबतीत घडली. हॉलंडमधील हार्टेकॅम्प येथे जॉर्ज क्लिफर्ड या सावकाराची बाग होती. तो डच ईस्ट इंडिया कंपनीचा संचालकही होता. १७३५ मध्ये त्याच्याकडे एक तरुण स्वीडिश वैद्य कामाला राहिला. त्याचे नाव कार्ल लिनियस. क्लिफर्डच्या उष्णगृहात केळ होती. पाने जोमदार, पण फुलण्याचे नाव नाही. लिनियसने तिला कसदार माती दिली, काही आठवडे पाणी जवळजवळ तोडले, आणि मग एकदम भरपूर पाणी ओतले. १७३६ च्या आरंभी केळीला कमळ आले. त्याने तिच्यावर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली.

लिनियसने जे केले ते मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. त्याने केळीला उन्हाळा दिला आणि मग मृगाचा पाऊस दिला. तिच्या मायदेशाची नक्कल करायची तर नुसती उष्णता पुरत नाही, ऋतूंचा क्रम द्यावा लागतो. ताण आणि सुटका दोन्ही द्यावे लागतात. आपल्याकडचे संत्रा बागायतदार बहार धरण्यासाठी झाडांना पाण्याचा ताण देतात तेव्हा तेच तत्त्व वापरतात. सतत लाड केलेले झाड पाने देते. फूल मागायचे तर त्याला त्याच्या घरचे कष्टही द्यावे लागतात.

उलट बाजूचा धडा शिकायला युरोपला आणखी शतकभर लागले. चीनमधून आलेल्या झाडाला उष्णता हवीच, असे धरून इंग्लंडमधल्या पहिल्या कॅमेलिया लॉर्ड पीटरच्या थॉर्नडन हॉल येथे उष्णगृहात ठेवल्या गेल्या. अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकातली ही गोष्ट. त्या झाडांचा जीव थंडीने घेतला नाही, उबेने घेतला. आज तीच कॅमेलिया इंग्लंडच्या बागांत उघड्यावर, मार्चच्या बोचऱ्या वाऱ्यात फुलते. ऑर्किडांचे तर शिरकाणच झाले. ती सारी दमट, तापलेल्या जंगलातून येतात असा समज होता. प्रत्यक्षात अनेक जाती अँडीजच्या किंवा मेक्सिकोच्या थंड डोंगरउतारांवरच्या. त्यांना कोंदट वाफेत कोंडले गेले आणि ती हजारोंनी कुजली. जेम्स बेटमनसारख्या अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'थंड' ऑर्किडगृहाचा पुरस्कार केला तेव्हा कुठे हे थांबू लागले. 'उष्ण प्रदेश' हा नकाशावरचा एक सरसकट रंग होता. त्या रंगाखाली डोंगर असतात, रात्री असतात, धुके असते, हे मेलेल्या झाडांनी शिकवले. ज्यांनी महाबळेश्वरचा जानेवारी अनुभवला आहे त्यांना 'भारत म्हणजे उष्ण देश' या वाक्याची गंमत वेगळी सांगायला नको.

यानंतर इतिहास वेग घेतो, आणि त्याला कारण झाली एक बाटली. लंडनच्या पूर्व भागात नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाचा डॉक्टर राहत असे. धुरकट हवेमुळे त्याच्या अंगणातली नेची जगत नसत. १८२९ मध्ये एका पतंगाचा कोश त्याने ओलसर मातीसह झाकणबंद बाटलीत ठेवला होता. कोशाकडे पाहता पाहता त्याच्या लक्षात आले, की मातीतून एक नेचे आणि थोडे गवत उगवले आहे. दिवसा माती-पानांतून निघालेली वाफ काचेवर जमते, रात्री निथळून पुन्हा मातीत जाते. बाहेरच्या पाण्याची गरजच नाही. १८३३ मध्ये त्याने अशा काचेच्या बंद पेट्यांतून सिडनीला रोपे पाठवली आणि ती सुखरूप पोचली. जहाजाच्या डेकवर खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे त्याआधी बहुतेक रोपे वाटेतच मरत. आता रोपांना प्रवासात स्वतःचे हवामान बरोबर नेता येऊ लागले.

या पेट्यांनी काय काय वाहून नेले याची यादी म्हणजे एका शतकाचा राजकीय इतिहास आहे. रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४८ नंतरच्या वर्षांत चीनमधली चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती यांतूनच. सिंकोनाही. १८६० मध्ये क्लेमंट्स मार्कहॅमने अँडीजमधून सिंकोनाची रोपे तांबड्या समुद्रामार्गे निलगिरीकडे आणली. ती पहिली खेप प्रवासातल्या उष्णतेने वाचली नाही. पुढच्या खेपांतून मात्र निलगिरीवर लागवड उभी राहिली आणि हिवतापाच्या प्रदेशात राज्य करणे सोपे झाले. चेल्सीच्या खोलीत एव्हलिनने पाहिलेले नवल असे साम्राज्याच्या औषधपेटीत येऊन पडले.

उलट दिशेच्या प्रवासाचे एक उदाहरण मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. ब्रह्मदेशात नॅथॅनियल वॉलिकला आढळलेले 'अ‍ॅमहर्स्टिया नोबिलिस' हे झाड आपल्या घरी फुलावे म्हणून इंग्लंडमधल्या डेव्हनशरच्या ड्यूकने १८३५ मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला चॅट्सवर्थहून कलकत्त्याला पाठवले. गिब्सन १८३७ मध्ये वॉर्डच्या पेट्यांतून अ‍ॅमहर्स्टिया आणि कितीतरी ऑर्किडे घेऊन परतला. इंग्लंडमध्ये ते झाड पहिल्यांदा फुलले ते १८४९ मध्ये, आणि तेही ड्यूककडे नव्हे तर लंडनजवळ ईलिंग येथे लुइझा लॉरेन्स या बागप्रेमी बाईंच्या उष्णगृहात. गिब्सन परतला, सगळेच परतले नाहीत. चॅट्सवर्थहून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात धाडलेले रॉबर्ट वॉलेस आणि पीटर बँक्स हे दोन माळी १८३८ मध्ये कोलंबिया नदीत बुडाले. मालकाच्या बागेत एक नवे झाड यावे यासाठी माणसे किती दूर जाऊन मरू शकतात, याची ही नोंद. मुंबईच्या राणीच्या बागेत या अ‍ॅमहर्स्टियाला 'उर्वशी' म्हणतात. आकाशाखाली, काचेविना ते तिथे फुलते, आणि त्याच्याखालून जाणाऱ्या कित्येकांना ते परदेशी आहे याची कल्पनाही नसते.

चॅट्सवर्थचा मुख्य माळी जोसेफ पॅक्सटन १८२६ मध्ये तिथे आला तेव्हा २२ वर्षांचा होता. त्याने १८३६ ते १८४० या काळात तिथे 'ग्रेट स्टोव्ह' उभारला: २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद, ६७ फूट उंच काचेचा डोंगर. आत ताड, केळी, पपया. मधून घोडागाडी जाईल एवढा रस्ता. जमिनीखाली आठ बॉइलर, गरम पाण्याच्या नळांचे मैलोगणती जाळे, आणि कोळसा दिसू नये म्हणून तो आणण्यासाठी भुयारातून रूळ. धूरही दूरवर नेऊन सोडलेला. श्रम आणि काजळी डोळ्याआड ठेवणे हा या वास्तूच्या सौंदर्याचा भाग होता. सांगतात, की १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या भेटीच्या रात्री सगळा बगीचा दिव्यांनी उजळला होता; दुसऱ्या दिवशी पहाटे ड्यूक ऑफ वेलिंग्टन मुद्दाम उठून पाहायला गेला तर आदल्या रात्रीच्या गर्दीची एक खूणही उरलेली नव्हती. पॅक्सटनची माणसे रात्रभर राबली होती. वेलिंग्टनने कौतुक केले ते पॅक्सटनचे.

पॅक्सटनच्या यशाचा कळस म्हणजे 'व्हिक्टोरिया' हे दक्षिण अमेरिकेतील महाकाय जलकमळ. १८४९ च्या ऑगस्टमध्ये क्यू येथील उद्यानातून त्याला एक छोटे रोप मिळाले. पाणी कोमट ठेवून, लहान चाकांनी ते हलते ठेवून त्याने नदीची नक्कल केली. लिनियसने पावसाची केली होती, याने प्रवाहाची. नोव्हेंबरमध्ये कमळ फुलले. क्यू येथे ते पुढच्या वर्षी फुलले. त्या पानाच्या खालच्या शिरांची ताकद पाहून पॅक्सटनने आपली मुलगी पानावर उभी केली. कमळासाठी त्याने जे नवे घर बांधले त्याच्या छपराच्या रचनेतून १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनाचा 'क्रिस्टल पॅलेस' निघाला. हे शक्य झाले त्याला आणखी एक रुक्ष कारण होते: शतकभर चालू असलेला काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाला होता. अर्थसंकल्पातले एक कलम आणि एक कमळ यांच्या भेटीतून आधुनिक वास्तुकलेचे एक पर्व सुरू झाले.

वाङ्मयात काचघर शिरते ते या वैभवाच्या पाठोपाठ. एमिल झोलाच्या 'ला क्यूरे' या कादंबरीत (१८७१-७२) पॅरिसच्या नवश्रीमंत घरातले उष्णगृह हे वासनेचे आणि सडण्याचे स्थान आहे. नायिका रने तिथे एका विषारी झाडाचे पान चावते. झोलाने ती झाडे पॅरिसच्या वनस्पतिउद्यानात जाऊन टिपून घेतली होती. मॉरिस मेटरलिंकच्या पहिल्या काव्यसंग्रहाचे नावच 'उष्णगृहे' असे आहे (१८८९). मेटरलिंक घेंटचा, आणि घेंट हे तर उष्णगृहांच्या व्यवसायाचे मोठे केंद्र. त्याच्या कवितेत काच ही आत्मा आणि जग यांच्यामधली भिंत होते. काचघर म्हणजे कृत्रिम, कोंदट, आजारी असा जो अर्थ पुढे समीक्षेत रूढ झाला तो अशा लेखनातून आलेला आहे. झोला आणि मेटरलिंक यांना काचेच्या आतला दमटपणा दिसला. भुयारातून रात्री कोळसा ओढणारा पोरगा मात्र दोघांच्याही रूपकात आलेला नाही. बागेच्या उत्तरेच्या, उन्ह न येणाऱ्या भिंतीमागे एका खोलीत हे शिकाऊ माळी राहत. पाळी आली की रात्री उठून भट्टी पाहायची. ती विझली तर सकाळपर्यंत शतकभराची मेहनत काळी पडणार.

आणि ती विझलीच. पहिल्या महायुद्धात माळी सैन्यात गेले, कोळसा युद्धाकडे वळला, आणि ग्रेट स्टोव्हमधली झाडे एकामागून एक मेली. १९२० मध्ये ती वास्तू सुरुंग लावून पाडण्यात आली. तिच्या पायावर आज कुंपणाच्या झाडांचा एक भूलभुलय्या आहे. ऐंशी वर्षे जे निसर्गावरील विजयाचे प्रतीक म्हणून दाखवले गेले, त्याचे आयुष्य चार हिवाळ्यांच्या कोळशावर टांगलेले होते. काचघर ढोंगी होते म्हणून कोसळले नाही. त्याला जगवणारे हात काढून घेतले गेले म्हणून ते कोसळले.

मग थंड देशात परदेशी झाडांची हौस संपली का? संपली नाही, तिने दुसरी वाट धरली. इंग्लंडमधल्या ग्रेट डिक्सटर या बागेत क्रिस्टोफर लॉइडने १९९३ मध्ये फर्गस गॅरेटच्या मदतीने जुना गुलाबांचा ताटवा काढून तिथे केळी, कर्दळी आणि डेलिया लावले, तेव्हा अनेक जाणकार दुखावले. ही बाग उन्हाळ्यात जंगलासारखी माजते. हिवाळ्यात तिला मोठे काचघर लागत नाही. डेलियाची पाने पहिल्या गोठवणाऱ्या रात्री काळी पडली, की खोड वीतभर ठेवून कापायचे, कंद उकरायचे, पोकळ दांड्यातले पाणी निथळावे म्हणून काही दिवस उलटे ठेवायचे आणि कोरड्या मातीत किंवा वाळूत, जिथे पाणी गोठणार नाही अशा अंधाऱ्या जागी ठेवून द्यायचे. कर्दळीचे गड्डे तसेच, पण किंचित ओलसर. पार वाळले तर ते उगवत नाहीत. या साऱ्या खटाटोपामागे एक साधी जाण आहे: थंडीपेक्षा थंडीतला ओलावा अधिक घातक. ज्या झाडाला झोपता येते त्याला जागे ठेवण्याचा अट्टहास करायचा नाही. त्याची झोप तेवढी राखायची.

केळीसाठी तर त्याहून सुंदर गोष्ट आहे. 'मूसा बास्जू' ही थंडी सोसणारी केळ इंग्लंडमध्ये गवताच्या पेंढ्यात खांब गुंडाळून हिवाळाभर उभी ठेवतात. वरचे जळाले तरी जमिनीतल्या गड्ड्यातून ती वसंतात पुन्हा फुटते. जपानमध्ये हिलाच 'बाशो' म्हणतात. १६८१ च्या सुमारास एडो शहराच्या कडेला राहणाऱ्या एका कवीच्या झोपडीपाशी त्याच्या शिष्याने ही केळ लावली. लोक झोपडीला केळीची झोपडी म्हणू लागले, आणि कवीने तेच नाव घेतले. हायकूचा हा सर्वश्रेष्ठ कवी, बाशो, एका उपऱ्या झाडाच्या नावाने ओळखला जातो. तिथल्या हवेत या केळीला खाण्याजोगे फळ येत नाही, पाने वाऱ्याने फाटतात. ती कामाची नाही म्हणूनच आपल्याला प्रिय आहे, अशा आशयाचे त्याने एका गद्यलेखात लिहून ठेवले आहे. व्हर्सायची संत्री ज्या दशकात दगडी भिंतींआड सुरक्षित होत होती, त्याच दशकात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस परक्या झाडाचे फाटणे पाहत बसला होता. जपण्याच्या या दोन रीती आहेत, आणि माझ्या मते दुसरीला समीक्षेत अद्याप नाव मिळालेले नाही.

आता आपल्या रूपकाकडे परत पाहता येईल. मराठीत देशी-परदेशीची चर्चा भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादापासून विशेष गंभीरपणे झाली आणि ती आवश्यकच होती. मातीशी नाते हा वाङ्मयाचा खरा प्रश्न आहे. परंतु या चर्चेत जेव्हा झाडाचे रूपक वापरले जाते तेव्हा झाडांचा इतिहासही साक्षीला बोलवायला हवा. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. वाड्यांच्या परसात सांडपाण्यावर माजणारी कर्दळ अमेरिका खंडाची. त्यांना आपण काचेत ठेवले नाही, कारण त्यांना इथे ऋतू मिळाला. काही पिढ्यांनंतर त्यांचे परकेपण विचारायचेही कोणाला सुचेना. उलट इथली कण्हेर व्हर्सायमध्ये नाजूक ठरली. झाड तेच होते.

म्हणून एखाद्या लेखनाला 'काचघरातले' म्हणण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात असे वाटते. त्याला नुसती ऊब दिली गेली आहे, की त्याच्या घरचा ऋतू ओळखून दिला गेला आहे? नुसत्या उबेवर पोसलेली भाषांतरे आणि अनुकरणे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना पाने भरपूर आहेत. दुसरे, ज्याला आपण उबेत कोंडले ते मुळात डोंगरउतारावरचे तर नव्हते? पाश्चात्त्य म्हणून सरसकट एका खोलीत ठेवलेल्या वाङ्मयप्रवाहांपैकी किती आपल्या कोंदट वर्गखोल्यांत कॅमेलियासारखे गुदमरले, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा. आणि तिसरे, भट्टी कोण सांभाळत होते? मासिके चालवणारे, मुद्रिते तपासणारे, वर्गणीसाठी दारोदार हिंडणारे, तुटपुंज्या मानधनावर भाषांतरे करणारे असे जे लोक मराठी वाङ्मयाचे कित्येक हिवाळे पार करून गेले, त्यांची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात ग्रेट स्टोव्हच्या भुयाराइतकीच झाकलेली आहे. अनेक नियतकालिके बंद पडली ती त्यांतली कविता नाजूक होती म्हणून नव्हे. कोळसा संपला आणि रात्री उठणारे कोणी उरले नाही म्हणून.

नाजूक असणे हा दोष नाही. प्रत्येक झाड कुठे ना कुठे नाजूक असते. त्याला तिथे किती हिवाळे काढता आले आणि ते कोणाच्या जागरणावर, एवढेच इतिहासाने नोंदवायचे असते.